घाई आपली, चूक त्याची

तुमच्या हाताखाली गाडी चालवून काम करणारी माणसं आहेत का? माल पोचवणारी, विक्रीसाठी फिरणारी, यंत्रं दुरुस्त करायला जाणारी? मग तुम्ही भाग्यवान. कारखान्यात कुणाचं बोट कापलं तरी चौकशी बसते, भिंतीवर फलक लागतो. तोच माणूस गाडी घेऊन फाटकाबाहेर पडला की त्याचं काय होईल ते त्याचं नशीब. ही सोय वाया घालवू नका.

सुरुवात वेळापत्रकापासून करा. नकाशाच्या अ‍ॅपने ५० मिनिटं दाखवली की कागदावर ५० मिनिटंच लिहायची. गाडी लावायला जागा शोधणं, पाऊस, लघवीला थांबणं, हे सगळं चालकाने खासगी वेळेत उरकावं. तो आपोआप वेग वाढवेल, तुम्हाला तोंडाने सांगावंही लागणार नाही. २० किलोमीटरच्या अंतरात ६०ऐवजी ७०च्या वेगाने गेलं तर जेमतेम तीन मिनिटं वाचतात. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढतं. पण ते अंतर तुमच्या तक्त्यात कुठे असतं?

आता फोन. एक परिपत्रक काढा : गाडी चालवताना फोन वापरू नये. सही घ्या, फाइलला लावा, आणि लगेच त्याला फोन करा. हँड्स-फ्री घेऊन दिलं असेल तर उत्तमच. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर आणि डोकं तुमच्या थकबाकीच्या यादीत. मेसेज पाठवत असाल तर लांबलचक पाठवा. ८०च्या वेगात पाच सेकंद खाली बघितलं की गाडी ११० मीटर आंधळी धावते.

झोपेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरी बचत तिथे आहे. पहाटे चारला उठवा, रात्री नऊला परत यायला लावा, मुक्कामाचा खर्च नामंजूर करा. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो, असं १९९७मध्ये एका प्रयोगात दिसलं होतं. अनेक देशांत कायद्याची मर्यादाच तेवढी आहे. कुणी पिऊन कामावर आला तर तुम्ही त्याला हाकलून द्याल. हा मात्र ‘मेहनती मुलगा’, आणि वर्षअखेरीस त्याला प्रमाणपत्र.

मेहनती मुलालाही कधीतरी पेंग येतेच. काच खाली करतो, गाणी मोठ्याने लावतो, गालावर चापट्या मारून बघतो. यातलं काहीच फार वेळ टिकत नाही. मग तो गाडी कडेला सुरक्षित जागी घेतो आणि सीट मागे टाकून २० मिनिटं डोळे मिटतो. हा एक उपाय खरोखर लागू पडतो, म्हणून तो वेळीच रोखायला हवा. त्यासाठीच तर तुमच्या पडद्यावर त्याची गाडी कुठे आहे ते दाखवणारा तो निळा ठिपका आहे. ठिपका थांबला की सातव्या मिनिटाला फोन करायचा : “काय रे, गाडी का उभी आहे?” (स्वतः दुपारी जेवणानंतर खुर्चीत मान टाकत असाल तर जागे झाल्यावर करा, काही घाई नाही.)

टायर गुळगुळीत झालेत अशी तक्रार आली तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणा.

एवढं करून अपघात झालाच, तर अहवालाचा फॉर्म तयार ठेवा. त्यात तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचं नुकसान असे रकाने असावेत. चालक किती वाजता उठला होता, त्या दिवशी किती ठिकाणं दिली होती, शेवटचा फोन कुणाचा होता, हे रकाने टाकून फॉर्म उगाच लांबवू नका. कारणापुढे एकच ओळ ठेवा. ‘चालकाचा निष्काळजीपणा’ तिच्यात बरोबर मावतं.

आणि हो, त्याच्या त्या दिवशीच्या उरलेल्या चार भेटी लगेच दुसऱ्या कुणाच्या नावावर टाका. तो दुसराही आत्ता गाडीतच असेल, पण फोन उचलेल. तशी सवय आपणच लावली आहे.