अकराव्याआधी दहावं वचन वाचा

नाताळ झाला की नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक वाद ठरलेला असतो. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत पवित्र शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या वाटायच्या की नाही? थाळीत घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात, प्रत्येकाने एक उचलायची आणि तिच्यावरचं वचन म्हणजे आपलं नव्या वर्षाचं अभिवचन. जुनी मंडळी म्हणतात, हे ज्योतिष झालं, शास्त्राचा असा वापर करू नये. तरुण संघ म्हणतो, वर्षभर पाकिटात ठेवलेल्या चार ओळींनी माणसाला धीर मिळत असेल तर कुणाचं काय बिघडलं? यंदा हा वाद मंडळीच्या ग्रुपवर आला आणि इंग्लंडमध्ये रात्रपाळी संपवून घरी येताना बसमध्ये मी तो सगळा वाचला. त्यात मला माझं मत विचारण्यात आलं. ते ग्रुपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

या चिठ्ठ्यांमध्ये एक वचन हमखास असतं, यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हांला आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला, लग्न ठरत नसलेल्या मुलीला, व्हिसाच्या रांगेतल्या प्रत्येकाला आपण हेच वचन पाठवतो. मी इकडे यायला निघाले तेव्हा मलाही ते अनेकांनी दिलं होतं. ते वचन खरं आहे, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे, आणि पत्र परदेशात राहणाऱ्यांना लिहिलेलं आहे. इथे आल्यावर मी तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचू लागले आणि त्याने मला जेवढं धरून ठेवलं तेवढं एकट्या अकराव्या वचनाने कधी धरलं नव्हतं.

इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यहुद्यांच्या यखन्या राजासह यरुशलेमातले कारागीर, सरदार, याजक यांना बाबेलला नेलं. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्यांना हे पत्र पाठवलं. त्याच्या आधीचा अध्याय वाचला की पत्राची निकड कळते. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल आणि सगळे परत येतील. एवढंच करून तो थांबला नाही, यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून त्याने मोडून दाखवलं. लोकांना केवढं बरं वाटलं असेल! खुद्द यिर्मयाही प्रथम म्हणाला, ‘आमेन, परमेश्वर तसंच करो.’ त्यालाही तेच हवं होतं. पण तसं होणार नव्हतं, आणि ते सांगायची जबाबदारी त्याच्यावर आली.

म्हणून पत्रात आधी येतं ते असं: घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हांला नेलं आहे त्या शहराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना! आणि मग दहावं वचन, जे मी एकाही चिठ्ठीवर पाहिलेलं नाही: बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमची भेट घेईन. पत्र ऐकायला जमलेल्यांत जे चाळिशीचे होते ते परत जाणार नव्हते, हे त्यांना तिथेच कळलं असणार. त्यानंतर ‘माझे संकल्प हिताचे आहेत’ हे शब्द येतात. ज्यांना सुटका दिसणार नव्हती अशा माणसांना ते सांगितलेले आहेत. त्यात ‘तुझं काम होईल’ असा अर्थ भरला की आपण यिर्मयाच्या पत्रावर हनन्याची सही करतो.

मी नर्स आहे. मिशन दवाखान्यात शिकले. तिथे दिवसाची सुरुवात वॉर्डातल्या प्रार्थनेने व्हायची आणि पेशंट कुठल्याही धर्माचा असो, त्याला त्यात वावगं वाटत नसे. इथली परिस्थिती अगदी वेगळी. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ टक्के होते. रविवारी आमच्या चर्चमध्ये बाकं बरीच रिकामी असतात आणि बसलेल्यांत पांढऱ्या केसांची माणसं जास्त. नर्सांच्या आचारसंहितेतच लिहिलेलं आहे की आपल्या धार्मिक श्रद्धा अनुचित रीतीने पेशंटपुढे मांडायच्या नाहीत. सुरुवातीला हे मला फार जड गेलं. पेशंट रडत असताना तोंडाशी आलेलं वचन गिळायचं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल. पण त्या नियमाने मला ऐकायची सवय लावली आणि माझी स्वतःची प्रार्थना त्याने बदलली. आता मी पेशंटसाठी मनात प्रार्थना करते आणि हातांनी त्याची उशी नीट करते.

इथल्या सरकारी दवाखान्यात पेशंटला हवं असेल तर चॅप्लेन, म्हणजे दवाखान्याचा धर्मसेवक, बोलावता येतो. आमच्या वॉर्डात एका म्हाताऱ्या माणसाने बोलावलं होतं. दुखणं बरं होणारं नव्हतं, त्याला ते ठाऊक होतं, आणि तो संतापलेला होता. चॅप्लेन बाई आल्या, खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या. मी पडद्याच्या अलीकडे औषधं मोजत होते. त्याने पहिल्यांदाच बजावलं, मला गोडगोड काही वाचून दाखवू नका. त्या गप्प राहिल्या. नंतर विचारलं, अजिबात गोड नसलेलं वाचू का? आणि त्यांनी ८८वं स्तोत्र काढलं, हेमान एज्राही याचं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, ‘तरी मी तुझं स्तवन करीन’ असं काही म्हणतात. हे घेत नाही. माझे जिवलग तू दूर केलेस आणि आता काळोखच उरला, इथेच ते संपतं. वाचून झाल्यावर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, पुन्हा वाचा.

ज्या देवाने हे स्तोत्र आपल्या शास्त्रात राहू दिलं, त्याच्यासमोर माणसाला खोटं हसू आणावं लागत नाही. याहून मोठा धीर मला माहीत नाही.

आता घरची गोष्ट. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. कुणीतरी त्याला एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेला नेलं. तिथे प्रार्थना झाली, बरं झालेल्यांच्या साक्षी झाल्या आणि त्याला सांगण्यात आलं की तू बरा झालास, आता मशीनवरचा विश्वास सोड. त्याने दोन पाळ्या चुकवल्या. अंगात पाणी साचलं, श्वास लागला, रात्री उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तो वाचला. पण सभेतल्या लोकांकडून नंतर निरोप आला की विश्वास कमी पडला. मला त्याने फोनवर विचारलं, ‘ताई, खरंच कमी पडला का हो माझा?’ त्या प्रश्नाचा मला आजही राग येतो. माणसावर नाही, प्रश्न ज्याने त्याच्या तोंडी घातला त्याच्यावर. आधीच शरीराने हरलेल्या माणसाच्या हातून त्याचा देवही काढून घ्यायचा, यासारखी क्रूर गोष्ट नाही.

मी त्याला शास्त्रातली प्रेषित पौलाची पत्रं काढायला सांगितली. पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा तसाच राहिला, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, त्याने मिलेत शहरात आजारी असतानाच मागे ठेवलं. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर आणि वरचेवरच्या आजारांवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, म्हणजे त्या काळचं औषधच. एपफ्रदीत मरणाच्या दारात जाऊन आला, त्याविषयी पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली आणि मलाही दुःखावर दुःख होऊ दिलं नाही. यांतल्या एकालाही पौल म्हणत नाही की तुझा विश्वास कमी पडला. आणि ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो’ हे वचन, जे आपण पोरांच्या परीक्षेच्या पॅडवर चिकटवतो, ते बंदिवासातून लिहिलेल्या पत्रात आहे. त्याच्या आधीच्या ओळीत तो म्हणतो, भरल्या पोटी राहायला मी शिकलो आणि उपाशी राहायलाही. हे सगळं वाचून माझ्या मेहुण्याने एवढंच विचारलं, ‘मग मी उद्या मशीनवर जाऊ ना?’ तो गेला.

देवाने बरं केलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे प्रार्थना करू नका असं माझ्याकडून कुणी ऐकू नये. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहेच. माझं भांडण सौद्याशी आहे: विश्वास द्या, आरोग्य घ्या. शिवाय आपल्याकडे आज धर्मांतरावरून जे वातावरण तापलेलं आहे, कुणाच्या घरी प्रार्थनेला दहा माणसं जमली तरी शेजारी संशयाने पाहतात, त्यात असा सौदा मांडणारा प्रत्येक वक्ता हजारो निरपराध घरप्रार्थनांना अडचणीत टाकतो.

पण जुन्या मंडळींना माझं सांगणं तरुणांपेक्षा जास्त आहे. चंगाई सभांना नावं ठेवणं सोपं आहे. माझा मेहुणा तिकडे का गेला? कारण त्याच्या स्वतःच्या मंडळीत त्याच्या दुखण्याविषयी कुणी चार शब्द बोललं नव्हतं. आजाऱ्यांसाठी सामान्य प्रार्थनेत त्याचं नाव वाचलं जायचं, बस्स. तिकडे कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चिठ्ठीच्या बाबतीतही तेच. ज्या माणसाशी पाळक वर्षभरात पाच मिनिटं बोललेले नाहीत, त्याला ती चिठ्ठी म्हणजे देवाने नाव घेऊन मारलेली हाक वाटते. ती हिसकावून घेण्याआधी त्याच्या घरी जाऊन या.

या वादात मला पंडिता रमाबाई फार आठवतात. त्या १८८३ मध्ये इंग्लंडला आल्या त्या वैद्यकी शिकायला. ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमलं नाही. सोबत आलेली मैत्रीण इथेच अकाली गेली. वाँटेजला त्यांचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचा बाप्तिस्मा झाला, तरी ज्या मठवासी सिस्टरांनी आसरा दिला त्यांच्याशीही त्या सिद्धांतांवरून नेटाने वाद घालत राहिल्या. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी वर्षं जावी लागली. त्यांचा बहिरेपणा गेला नाही. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग नवरा, आणि १९२१ मध्ये मनोरमाही त्यांच्या आधी गेली. तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलींना घर मिळालं आणि हिब्रू, ग्रीक शिकून त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्यावर दोन वर्षांनी ते छापून निघालं. यांचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

इथल्या आयुष्याने मला शास्त्र सावकाश वाचायला शिकवलं, पण मंडळी म्हणून इथल्यांनी घरच्यांकडून शिकावं असंही पुष्कळ आहे. आमच्या वॉर्डात आठवडेच्या आठवडे भेटायला कुणी न आलेले पेशंट असतात. चहा देणाऱ्या बाईलाच ते थांबवून ठेवतात. नगरला आजही कुणाचं ऑपरेशन असलं तर भगिनी मंडळातून डबा येतो, वडीलधारं माणूस कॉरिडॉरमध्ये सतरंजी टाकून झोपतं, आणि पेशंटजवळ रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन हळू आवाजात म्हटलं जातं. ही आपली मोठी शक्ती आहे आणि ती आपल्या वादांत कुठेच मोजली जात नाही. ऑपरेशनला धावणारी हीच माणसं लांबलेल्या दुखण्यात मात्र हळूहळू गळतात, कारण तिथे सांगायला साक्ष नसते. डायलिसिस, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, मनाचे आजार यांत सत्तर वर्षांचं गणित असतं, दोन वर्षांचं नाही.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच विचारलं आहे: मंडळीत अशी लांबलेली दुखणी असलेली घरं किती आहेत, याची यादी पाळकसाहेबांकडे आहे का? तरुण संघाकडे मोटरसायकली आहेत, भगिनी मंडळाकडे वेळापत्रक करायची हातोटी आहे. दर डायलिसिसला कुणीतरी एकाने चार तास शेजारी बसायचं, पेशंटला हवा असेल तर एक अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायचा, नको असेल तर क्रिकेट बोलायचं. माझ्या मेहुण्याची पाळी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी असते. मंगळवारचं नाव तरुण संघातल्या एका मुलाने दिलं आहे. गुरुवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत.