समतेचा ग्रुप फोटो कसा काढावा

गेल्या रविवारी नाशिकरोडला माझ्या भावाच्या मुलीचा मंगल परिणय झाला. पत्रिकेवर वेळ साडेबाराची, प्रत्यक्षात अडीच वाजले, कारण मधे सात मान्यवरांनी 'दोनच शब्द' बोलून घेतले. त्याची तक्रार नाही, सवय आहे. पण नंतर जो फॅमिली फोटो निघाला, त्यातून इतकं शिकायला मिळालं की ते स्वतःपाशीच ठेवणं म्हणजे समाजद्रोह. तेव्हा समाजबांधवांनो, तुमच्या घरी कार्य निघालं तर पुढील काळजी घ्या.

पहिलं म्हणजे माईक अनुभवी माणसाच्या हाती द्यावा. आमच्याकडे तो मामांच्या हाती होता. मामा प्रेसमधून रिटायर झालेले, वय पंचाहत्तर, आवाज खणखणीत. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याहून आला होता, आणि सहा वर्षं तो ज्याच्याबरोबर राहतो तो मुलगाही. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, म्हणूनच सगळे त्याला 'रूममेट' म्हणतात. दोघं स्टेजवर चढले तसे मामा म्हणाले, "फक्त घरचे थांबा. मित्रमंडळींनी जरा खाली उतरून घ्या." मित्रमंडळी म्हणजे तो एकटाच. उतरला. उतरता उतरता कुणी त्याच्या हातात मोबाइल दिला, कुणी पर्स, कुणीतरी माझ्या आईची काठीही काढून त्यालाच दिली, फोटोत बरी दिसत नाही म्हणून. चार मोबाइल, दोन पर्सा आणि एक काठी घेऊन तो खाली कूलरपाशी उभा. फोटो मात्र झकास आला. मागे तथागत, बाबासाहेब, पुढे आम्ही बत्तीस जण, एकजात समतावादी.

जेवताना विषय निघालाच तर 'हे श्रीमंतांचे चोचले, आपल्या समाजाचा प्रश्न नाही' म्हणावं. वाक्य आयतं आहे. २०२३ साली समलिंगी विवाहाचा खटला सुप्रीम कोर्टात चालला तेव्हा केंद्र सरकारनेही हेच सांगितलं होतं, ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे म्हणून. शिष्यवृत्ती, अनुशेष, खासगीकरण, कशातही ज्या सरकारशी मामांचं पटलं नाही, त्याच्याशी जिलेबी खाता खाता एकमत झालं. आमचा पोरगा उच्चभ्रू! सातपूरला दोन खोल्यांत वाढला, फ्रीशिपवर इंजिनिअर झाला. पण पुरुषावर जीव जडला की माणूस आपोआप कोरेगाव पार्कात राहायला जातो, असा नियमच असावा.

'आपली संस्कृती' म्हणायलाही हरकत नाही. फक्त २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळताना अकरावा अध्याय तेवढा अलगद काढून ठेवावा. पुरुषाने पुरुषाशी संग केला तर तो जातीतून भ्रष्ट होतो, असं मनूने तिथंच लिहून ठेवलंय. दाखला हाताशी असलेला बरा.

मुलांना इतिहास सांगावा, पण बेताने. र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला, वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून, आणि त्यांत समलिंगी संबंधांच्या शंकाही होत्या. १९३४ साली त्या खटल्यात कर्व्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. खटला हरले, पण उभे राहिले. हे सांगू नका. २०१८ साली समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा फास सोडवताना कोर्टाने बाबासाहेबांच्याच संविधानिक नैतिकतेचा आधार घेतला, हेही नको. पोरं नसते प्रश्न विचारतात.

'वेळ अजून आलेली नाही' हे कधीही चालतं.

तुम्ही पुस्तकं वाचणारे असाल तर जरा वरच्या पट्टीत जा: 'मुळात लग्नसंस्थाच ब्राह्मणी आणि पुरुषसत्ताक, तिच्यात शिरायचंच कशाला?' आमच्या एका प्राध्यापक जावयांनी हे मला भर मांडवात सांगितलं, फेटा बांधून. अहो, १९३० साली नाशकात बाबासाहेबांच्या हाकेवर काळाराम मंदिराच्या दारात बसलेल्यांना काय रामाच्या दर्शनाची आस लागली होती? दार सगळ्यांना उघडं असलं पाहिजे, एवढंच म्हणणं होतं. त्या धर्माच्या आत राहायचं की नाही ते १९३५ ला येवल्याला ठरवलं, आणि ज्यांचं त्यांनी ठरवलं. लग्न करायचं की नाही तेही ही पोरं ठरवतील. तुम्ही फेटा सांभाळा.

बरं, 'कागद कशाला हवा, प्रेम पुरे की' असंही सुचवता येतं. मीच सुचवलं होतं. मग दोन वर्षांपूर्वी भाच्याचा अपघात झाला. रात्री अकराला त्याला पुण्यातल्या एका हॉस्पिटलात नेलं, नेणारा हाच. काउंटरवर विचारलं, पेशंटचे कोण? हा म्हणाला, आम्ही एकत्र राहतो. मग नातेवाईक बोलवा. माझी बहीण आता नाही, मेहुण्यांचा फोन लागेना. शेवटी मी नाशिकहून गाडी केली. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, वाटेत कुठे चहासुद्धा नाही, पहाटे चारला पोचले. तोवर पोरगं मोडलेला पाय घेऊन पडून. आणि ज्याला त्याचा रक्तगट पाठ, पेनिसिलीन चालत नाही हे ठाऊक, डॉक्टरने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर ज्याच्यापाशी, तो बाहेर बाकड्यावर. मी वर्षातून दोनदा भेटणारी मावशी. माझी सही चालली! १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, लग्नाचा मूलभूत हक्क नाही. पाचांतल्या दोघा न्यायमूर्तींना अशा जोडीदारांच्या नात्याला निदान कायद्याची मान्यता द्यावीशी वाटली, तिघांना तीही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने खुलासा केला की दोघांना जॉइंट खातं काढता येईल. वा! मी तीस वर्षं बँकेत काढली, जॉइंट खातं दोन भाडेकरूसुद्धा काढतात. फॅमिली पेन्शनचं बोला. दोघांनी मिळून मूल दत्तक घेण्याचं बोला. त्या काउंटरवरच्या सहीचं बोला.

'त्यांच्यातही जात आहेच' हा मुद्दा मात्र खरा, तो मी चेष्टेवारी नेणार नाही. २०१५ साली मुंबईच्या एका आईने मुलासाठी नवरा हवा अशी जाहिरात दिली. केवढं कौतुक झालं तिचं. जाहिरातीत होतं, 'अय्यर असल्यास प्राधान्य'. भाच्यालाही त्या वर्तुळात पहिलं आडनाव विचारतात. म्हणजे तिकडे आडनाव आडवं येतं, इकडे मामा. मग त्याने उभं राहायचं कुठं? कूलरपाशी?

मामा, आता सरळच बोलते. तुम्हाला राग येईल, येऊ दे. दर २ मार्चला तुम्ही माईकवर सांगता की तुमचे वडील, माझे आजोबा, मिसरूड फुटायच्या वयात काळारामाच्या सत्याग्रहाला गेले होते. रामनवमीचा रथ दोन्हीकडच्यांनी मिळून ओढायचं ठरलं होतं, ऐनवेळी सवर्णांनी रथ पळवला आणि वर दगड घातले. इथं दरवर्षी तुमचा गळा दाटतो आणि मीही पदर डोळ्याला लावते. आजोबांना तेव्हा जे ऐकवलं, थांबा, लोकांची मनं तयार नाहीत, इथं फक्त आमचे, तेच तुम्ही माईकवरून त्या पोराला ऐकवलंत. त्याच आवाजात. लाज वाटायला हवी होती. मलाही वाटायला हवी होती, कारण मी खाली उतरले नाही. दुसऱ्या रांगेत उभी आहे, बघा, चांगली हसतेय.

फोटो झाल्यावर तो काठी द्यायला वर आला. आई ऐंशीची, तिला नीट दिसत नाही. तिने विचारलं, "अरे, तू कुठं होतास फोटोत?" तो म्हणाला, "इथंच होतो की, आजी." त्यानंतर तिने मला दोनदा विचारलंय. मी सांगणार नाही. तुमची बहीण आहे, तुम्ही सांगा. दुपारची झोपते, पाचनंतर फोन करा.