स्वतःचाच वजीर खाणारं यंत्र

बुद्धिबळाचा प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय याचं आमच्या घरात कुणाला कौतुक नाही. बाबांनाही नाही. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी हरवायला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं, एवढंच त्यांचं म्हणणं.

लॅपटॉप दुरुस्तीला गेला आणि पंचाईत झाली. डाव चुकला की बाबांना जेवण जात नाही. शेवटी माळ्यावरून मेहुण्याचा जुना जी४ मॅक उतरवला. इंटेलच्या आधीचा, पॉवरपीसी चिपचा. धूळ पुसली, प्रोग्राम नव्याने कंपाइल केला, ओपनिंग बुकाची फाइल पेनड्राइव्हवरून टाकली. हे बुक म्हणजे प्रोग्रामची घोकंपट्टी: अमुक स्थिती आली की तमुक चाल खेळ, डोकं चालवू नकोस. एका नोंदीला १६ बाइट. ८ स्थितीच्या किल्लीचे (म्हणजे पटाची ती स्थिती ओळखायचा आकडा), २ चालीचे, २ वजनाचे (ती चाल किती पसंतीची), ४ राखीव.

यंत्र पहिल्याच चालीला विचार करत बसलं. पटावर अजून कुणी हललेलं नाही, आणि ही स्थिती म्हणे बुकात नाही! "झोपलं का रे?" बाबा.

तासाभराने डोक्यात प्रकाश पडला. हा मॅक बिग-एंडियन, लॅपटॉप लिटल-एंडियन. आकड्याचे बाइट मांडताना एक मोठ्या किमतीचा बाइट आधी लिहितो, दुसरा छोट्या किमतीचा. (ही नावं डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये गलिव्हरच्या गोष्टीतून उचलली, तिथे अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून लढाया होतात.) आणि मी पठ्ठ्याने मेमरीतला मजकूर जसाच्या तसा फाइलीत ओतला होता. लगेच किल्लीचे आठ बाइट उलटे वाचायची सोय केली आणि बाबांना हाक मारली.

पांढरी यंत्राकडे. पहिली चाल: बाबांचं ए७ वरचं काळं प्यादं उडालं, आख्खा पट ओलांडून थेट डी१ वर उतरलं, यंत्राचाच वजीर खाल्ला आणि घोडा झालं.

बाबांनी चष्मा वर केला. "माझं प्यादं हे का हलवतंय?"

किल्ली उलटवली होती, चाल उलटवायची राहिली होती. ई२ वरून ई४ ही चाल फाइलीत ७९६ या आकड्याने लिहिलेली असते, म्हणजे ३ आणि २८ असे दोन बाइट (३ गुणिले २५६, अधिक २८). उलटे वाचले की होतात ७१७१, आणि त्याचा अर्थ निघतो ए७ ते डी१, बढती घोडा. बुकातली चाल नियमात बसते का, हे मी तपासतच नव्हतो. बुकात आहे म्हणजे बरोबरच असणार! बाबांनी अर्थात डाव तसाच पुढे खेळून जिंकला.

जेवताना त्यांना समजावत होतो. "बाबा, आपण पंचवीस म्हणतो. पाच आधी, वीस नंतर. लॅपटॉप तसा." बाबा गणिताचे शिक्षक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आलं, तेव्हा दोन दिवस पेपर वाचत धुमसत होते. घास हातातच थांबला. "म्हणजे हा माळ्यावरचा वीस पाचवाला?"

"हो."

"आणि एकशे पंचवीसचं काय? शंभर आधी, मग पाच, मग वीस." आता मीच थांबलो. पीडीपी-११ नावाचं जुनं यंत्र मोठे आकडे असेच मधूनच उलटे ठेवायचं. आपण मराठी माणसं जन्मजात पीडीपी-११ आहोत, हे मला चाळिशीत आमटी-भात खाताना कळलं.

रात्री सगळं सोडून पॉलिग्लॉटची, म्हणजे ओपनिंग बुकं लिहायची एक रूढ पद्धत घेतली. तिथे ठरलेलंच आहे: यंत्र कुठलंही असो, फाइलीत मोठा बाइट आधी. लिहिताना आकडा आठ-आठ बिटांनी सरकवत एकेक बाइट सुटा काढायचा आणि वाचताना तसाच जोडायचा. मग यंत्राची सवय कुठली हे विचारावंच लागत नाही. दहा ओळींचं काम. त्यात कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलतात ते) मात्र राजाने आपलाच हत्ती खाल्ला असं लिहितात, हे वाचून मी घाबरून तीनदा तपासलं. या वेळी चूक माझी नव्हती.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपही परत आला. एकच फाइल दोन्हींवर टाकली, दोन्हींनी निमूट ई४ खेळलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी डी१ वरच्या वजिराकडे बराच वेळ पाहिलं.

"आज घोडा नाही का देणार?"