अठरा नवे मतदार

आइसलँडबद्दल मराठीत जे फॉरवर्ड फिरतात त्यात ठरलेला मसाला असतो. आकाशातले हिरवे दिवे, गरम पाण्याची कुंडं, दाराला कुलूप न लावता झोपणारी माणसं, आणि शेवटी 'आपण कधी शिकणार?' मी रेक्याविकमध्ये राहते, इथे कर भरते, त्यामुळे माझ्याकडे हे जरा जास्तच येतात. दिव्यांचं खरं आहे. पण 'छोटं गाव म्हणजे एकोपा' हे वाक्य परवा पुन्हा वाचलं आणि राहवलं नाही. म्हणून इथल्या एका छोट्या पालिकेवर, तिथल्या निवडणुकीवर आणि रस्त्यावर ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

देशाच्या वायव्येला, स्त्रान्दिर किनाऱ्याच्या उत्तर टोकाशी आर्नेसह्रेप्पुर नावाची पालिका आहे. पालिका म्हणायचं, पण लोकसंख्येने देशातली सगळ्यात लहान. नोंदलेली माणसं चाळीस-पन्नासच्या घरात, आणि हिवाळ्यात प्रत्यक्ष राहणारी त्याहूनही कमी. आमच्या गुहागरकडे एखाद्या वाडीत याहून जास्त माणसं गणपतीच्या आरतीला उभी असतात. होल्माविक हे जवळचं त्यातल्या त्यात मोठं गाव, तिथून शंभरेक किलोमीटर, बराचसा कच्चा रस्ता. कित्येक वर्षं नियम असा होता की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या वीस तारखेपर्यंत सरकारी प्लाऊ या रस्त्यावरचा बर्फ काढायलाच येणार नाही. तेवढे दिवस ग्योगुरच्या धावपट्टीवर आठवड्यातून दोनदा रेक्याविकहून छोटं विमान येणार, हवा बरी असेल तर. दूध, औषधं, टपाल, माणसं, सगळं त्यातूनच.

या एवढ्याशा वस्तीत दोन चर्च आहेत. समोरासमोर, रस्त्याच्या दोन बाजूंना. एक लाकडी, 1850 सालचं. दुसरं 1991 चं, शेजारच्या डोंगराच्या आकारावर बेतलेलं. जुनं दुरुस्त करायचं की नवं बांधायचं यावर गावात फूट पडली, आणि शेवटी दोन्ही झालं. एकोप्याचे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना मी या दोन चर्चचा फोटो पाठवते. उत्तर येत नाही.

आता निवडणूक. रेक्याविकमध्ये पक्ष असतात, उमेदवारांची यादी असते, पोस्टर असतात. आर्नेसह्रेप्पुरसारख्या लहान पालिकांमध्ये यादीच नसते. उमेदवारी अर्ज भरायचा नाही, प्रचार करायचा नाही. निवडून येण्यास पात्र असलेला प्रत्येक रहिवासी आपोआप उमेदवार, आणि निवडून आला तर काम करायचं. वय पासष्टच्या पुढे असेल, तब्येत साथ देत नसेल किंवा आधी एक मुदत झाली असेल, तरच नाही म्हणता येतं. मतदार कोरा कागद घेऊन आत जातो आणि पाच माणसांची नावं पत्त्यासकट स्वतःच्या हाताने लिहितो, शिवाय पर्यायी सदस्यांची वेगळी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा सगळ्यात आधी डोक्यात आलं ते हे: चाळीस मतदारांच्या गावात मोजणाऱ्यांना अक्षर ओळखू येत नसेल का? माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारलं. तिचे आजी-आजोबा त्याच पालिकेतले. ती म्हणाली, अक्षर कशाला ओळखायचं, कोण कोणाला मत देतो ते मे उजाडायच्या आधीच सगळ्यांना माहीत असतं.

मे 2018 मध्ये मात्र कोणालाच काही माहीत नव्हतं, आणि त्याला कारण क्वालाउ नदी. ओफेइग्सफ्योर्दुरच्या वरच्या उजाड पठारावरून ही नदी आणि तिच्या बाजूच्या दोन नद्या धबधबे घेत समुद्राकडे उतरतात. तिथे 55 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभारायचा होता. त्यासाठी पालिकेला नगररचना आराखडा बदलून द्यावा लागणार होता. म्हणजे देशातल्या शेवटच्या मोठ्या मोकळ्या रानांपैकी एकाचं काय करायचं, यातला एक मोठा निर्णय पाच माणसांच्या कौन्सिलच्या हातात. बाजूने बोलणारे म्हणत होते, गाव मरतंय, यातून रस्ता येईल, इंटरनेट येईल, तीन फेजची वीज येईल, बांधकामाच्या काळात तरी माणसं येतील. विरोधातले म्हणत होते, धरण बांधून झालं की तिथे कायमची नोकरी जवळपास कोणालाच नसते, आणि या देशातली सुमारे 80 टक्के वीज अवजड उद्योगांना, मुख्यतः अॅल्युमिनियमच्या कारखान्यांना जाते, तर ही नदी नेमकी कोणासाठी द्यायची? प्रकल्प उभारू पाहणाऱ्या कंपनीने गावासाठी काही कामं करून देण्याची तयारीही दाखवली होती, त्यात शाळेच्या इमारतीला बाहेरून नवं आवरण बसवणं होतं. त्याच वर्षी मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली.

आणि मग, मतदार यादी पक्की व्हायच्या तोंडावर, एप्रिलच्या शेवटच्या आणि मेच्या पहिल्या आठवड्यात, अठरा जणांनी आपला कायदेशीर पत्ता या पालिकेत हलवला. जिथे सगळे मिळून पन्नास मतदारसुद्धा नाहीत तिथे अठरा! टक्केवारी तुम्हीच काढा. हे धरण रोखण्यासाठीच, असं बोललं गेलं. यातल्या काहींनी नोंदवलेली घरं अशी होती जिथे हिवाळ्यात कोणी राहत नाही. राष्ट्रीय नोंदणी कार्यालयाने चौकशी केली आणि बहुतेक सगळे बदल रद्द ठरवले. निवडणूक झाली, प्रकल्पाला अनुकूल असलेली कौन्सिल आली.

कोकणातल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. ग्रामपंचायतीच्या आधी मुंबईहून गाड्या सुटतात, रेशनकार्ड गावचं, मुक्काम नालासोपाऱ्याला, आणि मत द्यायला चाकरमानी हजर. आपल्याकडे यावर कोणी परिषद भरवत नाही. इथे मात्र देशभर गदारोळ झाला.

माझं मत काय, ते सांगते. क्वालाउचं धरण होऊ नये असं मला वाटतं. आणि तरीही त्या अठरा जणांचे पत्ते रद्द झाले ते योग्यच झालं. हे दोन्ही मी एकाच तोंडाने म्हणते याचा माझ्या मैत्रिणीला फार राग येतो. तिचं म्हणणं असं की ती माणसं काही उपरी नव्हती. कोणाच्या आजीचं घर तिथे आहे, कोणी दर सप्टेंबरला डोंगरातून मेंढ्या खाली आणायला जातं, कोणाची जमीन आहे. मेंढ्या गोळा करण्याचं काम इथे पालिकेच्या देखरेखीखाली होतं, कानावरच्या खुणांची छापील वही असते, आणि गावात उरलेल्या माणसांच्या बळावर आता ते होण्यासारखं नाही. शहरात गेलेली नातवंडं येतात म्हणून होतं. ओल्या लोकरीच्या वासात, चिखलात, एकेका मेंढीला शिंगाला धरून कान तपासून आपापल्या कप्प्यात ढकलायचं, दिवसभर. 'हे करायला आम्ही चालतो,' ती म्हणते, 'आणि नदीबद्दल बोलायला चालत नाही?'

तिचा मुद्दा लंगडा नाही. उलट माझ्याकडे बघितलं तर तो आणखी टोचतो. मी भारतीय पासपोर्टवर इथे राहते. 2022 च्या निवडणुकीपासून नियम असा आहे की परदेशी नागरिकाचा कायदेशीर पत्ता सलग तीन वर्षं आइसलँडमध्ये असेल तर त्याला पालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं. म्हणजे गुहागरची मी, जिला मेंढीची पुढची बाजू कोणती हे सांगायला लागतं, उद्या तिथे खरोखर राहायला गेले तर क्वालाउवर मत देऊ शकते. आणि जिच्या चार पिढ्या त्या किनाऱ्यावर पुरल्यात ती देऊ शकत नाही, कारण ती रेक्याविकमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसते.

मला हे बरोबर वाटतं. कठोर आहे, पण बरोबर आहे. पत्ता बदलला की पालिकेचा आयकर बदलतो, शाळेची आणि म्हाताऱ्या माणसांच्या काळजीची जबाबदारी बदलते. जो फेब्रुवारीत विमान आलं नाही म्हणून औषधाची वाट बघत बसतो, त्याच्या पालिकेत त्याचं मत आणि जुलैत धबधब्याचे फोटो काढायला येणाऱ्याचं मत एकाच वजनाचं असू नये. प्रेमाची नोंद मतदार यादीत होत नाही, आणि होऊ नये. नाहीतर उद्या पैसेवाली कंपनीसुद्धा अठरा प्रेमी माणसं पाठवेल. कोणीतरी पाठवेलच!

पण (आणि इथे प्रकल्पवाल्यांनी टाळ्या थांबवाव्यात) हिवाळ्याची कसोटी लावायची तर ती सगळ्यांना लावा. आधीपासून यादीत असलेल्यांपैकीसुद्धा सगळे काही बर्फात तिथे बसत नाहीत. आणि त्याहून महत्त्वाचं, जे पठार देशाचं म्हणून मिरवलं जातं, त्याचं भवितव्य वीस-पंचवीस मतांवर सोडणं हा लोकशाहीचा विजय वगैरे काही नाही. ती पळवाट आहे. राजधानीतल्या लोकांनी अवघड प्रश्न शेजाऱ्या-शेजाऱ्यांवर ढकलला आणि वर टीव्हीवर त्यांचं भांडण बघितलं. दोन्ही बाजूंच्या माणसांना दुसऱ्या दिवशी त्याच एका दुकानात जायचं होतं. तेही दुकान नंतर बंद पडलं, आणि 2019 मध्ये गावकऱ्यांनी आणि गावाबाहेरच्या हितचिंतकांनी भागभांडवल गोळा करून नवं सुरू केलं. तिथे बाहेरच्यांचे पैसे चालले, हे मैत्रीण दर वेळी बजावते.

प्रकल्पाच्या बाजूने मत देणाऱ्यांना लोभी म्हणणारे रेक्याविकमध्ये खूप भेटतात. मला ते फार स्वस्त वाटतं. या लोकांनी शेजारची गावं रिकामी होताना पाहिली आहेत. उत्तरेच्या बाजूची स्लेत्तुह्रेप्पुर ही अख्खी पालिका 1952 मध्ये ओस पडली, ग्रुन्नाविकुरह्रेप्पुर 1962 मध्ये. आज ते राखीव रान आहे, लोक पाठीवर तंबू घेऊन जातात आणि म्हणतात, वा, काय शांतता! आर्नेसह्रेप्पुरमध्येच द्यूपाविकला 1930 च्या दशकात हेरिंग माशांचा प्रचंड काँक्रीटचा कारखाना उभा राहिला, मासे गेले, 1954 मध्ये तो बंद. एके काळी या पालिकेत पाचशेच्या वर माणसं होती. त्याच कारखान्याच्या बाजूला आज हॉटेल आहे, आणि 2018 च्या वादात प्रकल्पाच्या बाजूने ठाम उभी राहिलेली त्या वेळची कौन्सिलप्रमुख एव्हा सिगुरब्योर्न्सदोत्तिर हीच ते हॉटेल चालवत होती. पर्यटनावर पोट असलेली बाई धरण मागते म्हणजे तिला निसर्ग कळत नाही असं म्हणणाऱ्याने तिथे एक जानेवारी काढून दाखवावा.

वरून सरकारचा सूर वेगळाच. 1950 मध्ये देशात 229 पालिका होत्या, 2022 च्या निवडणुकीनंतर 64 उरल्या. 2019 मध्ये सरकारने धोरण आणलं की किमान हजार माणसं नसतील त्या पालिकेने दुसऱ्या कोणात तरी विलीन व्हावं. लहान पालिकांनी जोरदार विरोध केला, शेवटी 2021 च्या कायद्यात सक्ती उरली नाही, विलीनीकरणाची बोलणी करा किंवा स्वतःच्या कारभाराचा लेखाजोखा मांडा एवढं उरलं. विलीनीकरणाच्या बाजूचा युक्तिवाद मला कळतो: 1996 पासून प्राथमिक शाळा पालिकांकडे आहेत, चाळीस माणसांच्या पालिकेने तज्ज्ञ, इंजिनियर, वकील कुठून आणायचे? कंपनीचे वकील समोर बसतात तेव्हा यांच्या बाजूला कोण बसणार? त्यात जमिनीच्या हद्दीचा वाद वेगळा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या कागदांवरून कोर्टात गेलेला. कोकणातले सातबारे ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगत नाही.

पण विलीन होऊन काय होतं? निर्णय शंभर किलोमीटर लांब जातो आणि प्लाऊ तरीही येत नाही. माझा सगळा राग शेवटी त्या बर्फाच्या नियमावर येऊन बसतो. तिथल्या माणसांनी धरण मागितलं त्याच्या तळाशी रस्ता आहे. हिवाळाभर रस्ता उघडा ठेवणं हे सरकारचं साधं काम, ते वर्षानुवर्षं परवडत नाही म्हणायचं, आणि मग एक कंपनी 'प्रकल्पाबरोबर सोयी येतील' म्हणाली की गावाला विचारायचं, तुम्हाला नदी हवी की रस्ता? असा प्रश्न रेक्याविकमधल्या कुठल्या वस्तीला विचारतात का हो? आमच्या गल्लीतला बर्फ पालिका काढते, आणि त्या बदल्यात आमच्याकडे कोणी धबधबा मागितलेला नाही.

2020 च्या सुमारास प्रकल्प थंडावला, मग त्याची चर्चा पुन्हा वर आली, पुन्हा येत राहील. मैत्रीण म्हणते, पुढच्या खेपेला ती नोकरी सोडून खरीच तिथे राहायला जाणार, पत्ता, बूट, मांजर सगळं घेऊन, बघू कोण रद्द करतं. मी म्हटलं, जा, मग तुझ्या मताला माझा शंभर टक्के पाठिंबा. आणि तू धरणाच्या बाजूने मत दिलंस तरी.

ती म्हणाली, एका हिवाळ्यानंतर देईनही कदाचित.

(कमेंटमध्ये 'तुमच्या तिकडे निदान ईव्हीएमचा वाद नाही' वगैरे नको. विषय रस्त्याचा आहे.)