‘मैदानातलं मैदानातच मिटू द्या’ म्हणे!

सॉकर असो, रग्बी असो, ऑस्ट्रेलियन रूल्स हा ऑस्ट्रेलियातला फुटबॉल असो की अमेरिकन फुटबॉल; मैदानात राडा झाला आणि कुणावर बंदी आली, की एक ठरलेला युक्तिवाद फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मुद्दे तेच. रक्त तापलेलं असतं, दोन ठोसे बसतात, त्यात काय एवढं? हे खेळ मुळातच अंगावर घेण्याचे आहेत, ज्याला सोसत नाही त्याने बुद्धिबळ खेळावं. आइस हॉकीत मारामारी करू देतात, म्हणूनच तिथे कुणी पाठीमागून वार करत नाही. पूर्वीचे खेळाडू भिडायचे आणि शिट्टी वाजल्यावर गळ्यात गळे घालायचे. प्रेक्षकांनाही तेच हवं असतं. आणि शिक्षा नेहमी ठोसा मारणाऱ्यालाच होते, कळ काढणारा नामानिराळा राहतो. तेव्हा मैदानातलं मैदानातच मिटू द्या, लाल कार्ड आणि बंदी कशाला?

यातला एक मुद्दा मला अर्धामुर्धा पटतो, त्याच्याकडे शेवटी येतो. बाकीचे टिकत नाहीत.

‘रक्त तापतं’ इथून सुरुवात करू. मारामारी ही संतापाच्या भरात आपसूक होणारी गोष्ट आहे, असं यात गृहीत धरलेलं आहे. कधीकधी ती तशी असतेही. पण मैदानावरच्या मारामारीचा सगळ्यात गाजलेला आणि कौतुकाने सांगितला जाणारा किस्सा नेमका उलटा आहे. १९७४ साली ब्रिटिश आणि आयरिश लायन्सचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार विली जॉन मॅकब्राइड. यजमान संघ दांडगाई करणार आणि पंचही त्यांचेच, हे लायन्सना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आधीच ठरवून ठेवलं, की ‘नव्व्याण्णव’ अशी आरोळी आली की प्रत्येकाने हातातलं काम सोडून जवळच्या प्रतिस्पर्ध्याला हाणायचं. हिशेब सरळ होता. एकाने मारलं तर तो बाहेर जाईल; पंधराही जणांनी मारलं तर पंच कुणाकुणाला बाहेर काढणार?

तिसऱ्या कसोटीत जे. पी. आर. विल्यम्स हा फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे उभा असणारा खेळाडू, अर्धं मैदान पळत आला आणि फान हीर्डेन या धिप्पाड फॉरवर्डवर तुटून पडला. त्या पळण्यात कसलं रक्त तापलं होतं? भांडण सुरू झालं तेव्हा तो तिथे नव्हताच. त्याला ठरलेली आरोळी ऐकू आली होती, बस्स. लायन्सनी चारपैकी तीन कसोटी जिंकल्या आणि एक बरोबरीत सोडवली, त्यामुळे हा किस्सा शौर्यकथा म्हणून सांगितला जातो. मला त्यातून दिसतं ते एवढंच, की शिक्षा होणार नाही याची खात्री पटली की मारामारी ही डावपेचाच्या वहीत जाऊन बसते. मग ती कर्णधार ठरवतो, प्रशिक्षक ठरवतो, आणि ज्याची कुणाशी दुश्मनी नाही अशा माणसालाही करावी लागते. शिक्षा हवी ती मुख्यतः यासाठी. खेळाडूंना सभ्यपणा शिकवण्याचं काम पंचांचं नाही.

आता ‘अंगावर घेण्याचा खेळ’. टॅकल करणारा शंभर किलोचा गडी समोरून येतो हे चेंडू हातात असलेल्याला माहीत असतं. तो मान आवळतो, खांदा वळवतो, पडायचं कसं ते ठरवतो. लहानपणापासून तो हेच शिकलेला असतो. ठोशासाठी त्याची कसलीही तयारी नसते, कारण त्या क्षणी त्याचं लक्ष चेंडूकडे असतं. ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये ऑगस्ट २०१८ मध्ये पर्थला वेस्ट कोस्ट विरुद्ध फ्रीमँटल सामना चालू होता. चेंडू दुसरीकडेच होता. वेस्ट कोस्टच्या अँड्र्यू गॅफने आपल्या मागावर असलेल्या अँड्र्यू ब्रेशॉला बुक्की मारली. ब्रेशॉ अठरा वर्षांचा, पहिलाच हंगाम. जबडा मोडला, दात जागचे हलले. गॅफ काही गुंड नव्हता. शांत, नीट खेळणारा म्हणूनच त्याची ओळख होती. सुनावणीत त्याने सांगितलं, की मला छातीवर मारायचं होतं. ते खरंच असावं, आणि म्हणूनच ही गोष्ट महत्त्वाची. ‘दोन हलके ठोसे’ मोजून मारता येत नाहीत. दोघंही पळत असतात, डोकं खालीवर होतं, छातीवरचा ठोसा जबड्यावर बसतो.

कायद्यानेही हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. १९७८ साली वेल्समध्ये रग्बीच्या सामन्यात चेंडूपासून दूर मारलेल्या ठोशाने एकाचा जबडा मोडला, तेव्हा मारणाऱ्याच्या वकिलाने हीच संमतीची ढाल पुढे केली होती. ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. खेळायला उतरलेला माणूस खेळातल्या धक्क्यांना होकार देतो, वाटेल त्या माराला नाही.

आता आइस हॉकी. ती काही फुटबॉल नव्हे, पण या युक्तिवादाचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे, म्हणून तिथे जरा थांबावं लागेल. दावा असा, की उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये समोरासमोर मारामारी केली तर पाच मिनिटं बाहेर बसायचं आणि परत यायचं, एवढीच शिक्षा असल्यामुळे राग तिथल्या तिथे निघून जातो आणि डूख धरला जात नाही. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं.

१६ फेब्रुवारी २००४ ला कोलोराडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकूव्हरचा कर्णधार मार्कस नॅस्लंड याला जोरात धडक दिली. पंचांनी फाउल दिला नाही, नॅस्लंडच्या डोक्याला मार लागला, व्हँकूव्हरचे लोक भडकले. ८ मार्चला पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले. पहिल्याच सत्रात व्हँकूव्हरच्या मॅट कुकने मूरला ललकारलं, मूर नाही म्हणाला नाही, दोघांची रीतसर मारामारी झाली, दोघंही शिक्षा भोगून परत आले. म्हणजे या सिद्धान्ताप्रमाणे हिशेब चुकता झाला. राग बाहेर पडला, विषय संपला.

तिसऱ्या सत्रात व्हँकूव्हरचा टॉड बर्टुझी मूरच्या मागेमागे फिरला. मूर वळायला तयार नाही म्हटल्यावर त्याने मागून जर्सी पकडली, डोक्यावर बुक्की मारली आणि त्याच्यासकट बर्फावर आदळला. वरून आणखी खेळाडू येऊन पडले. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. तो परत कधीच खेळला नाही. बर्टुझीने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि नुकसानभरपाईचा दावा दहा वर्षं रेंगाळून २०१४ मध्ये आपसात मिटला.

पाठीमागून झालेला हा वार मारामारीला मुभा असलेल्या खेळात झाला, आणि त्या मुभेचा त्याच संध्याकाळी वापर करून झाल्यावर झाला. ‘एनफोर्सर’ म्हणजे मारामारीसाठीच संघात ठेवलेला खेळाडू, हेही त्याच मुभेचं अपत्य. त्यांच्यातला डेरेक बूगार्ड २०११ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी वेदनाशामक गोळ्या आणि दारूच्या मिश्रणाने गेला. मेंदू तपासला तेव्हा वारंवार मार बसल्याने होणारा सीटीई हा विकार आढळला. ऑलिम्पिकमधल्या आइस हॉकीत मात्र ठोसेबाजी केली की खेळाडू सामन्याबाहेर जातो. तो खेळ कुणाला मिळमिळीत वाटल्याचं ऐकिवात नाही.

‘पूर्वीचे लोक’ हा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. सॉकरच्या १९६२ च्या विश्वचषकात सँटियागोला चिली आणि इटली भिडले, तेव्हा लिओनेल सँचेझच्या ठोशाने उम्बेर्टो मास्किओचं नाक मोडलं, सँचेझ मैदानातच राहिला आणि पोलिसांना एकदा नव्हे, वारंवार आत यावं लागलं. गळ्यात गळे वगैरे काही नव्हतं. त्या सामन्याचे पंच केन ॲस्टन. पुढे पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना त्यांनीच मांडली आणि १९७० च्या विश्वचषकात ती प्रत्यक्षात आली.

शिवाय, मैदानातलं मैदानात मिटवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी दोन प्रकरणं जरूर पाहावीत. एप्रिल १९९४ मध्ये स्कॉटिश सॉकरमध्ये रेंजर्सच्या डंकन फर्ग्युसनने रेथ रोव्हर्सच्या जॉन मॅकस्टेला डोक्याने टोला दिला. पंचांनी साधं पिवळं कार्डही दाखवलं नाही. प्रकरण स्कॉटलंडच्या न्यायालयात गेलं आणि फर्ग्युसनला तीन महिन्यांची कैद झाली. चव्वेचाळीस दिवस तो आत होता. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियन रूल्समधला दिग्गज ली मॅथ्यूज याने नेव्हिल ब्रन्सला चेंडूपासून दूर मारून त्याचा जबडा मोडला. पंचांपैकी कुणीही त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदवली नाही. शेवटी पोलिसांनी हल्ल्याचा गुन्हा दाखल केला. खेळाने हात झटकले की प्रकरण मिटत नाही, ते फौजदाराकडे जातं. खेळाडूंचा कळवळा असेल तर मैदानावरच, लगेच आणि ठरलेली शिक्षा होणं हेच त्यांच्या भल्याचं.

‘प्रेक्षकांना हवं असतं.’ असतं खरं. २०१३ च्या स्टेट ऑफ ओरिजिन मालिकेत, म्हणजे रग्बी लीग या तेरा-तेरा जणांच्या रग्बीतल्या न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड या लढतीत, पॉल गॅलनने नेट माइल्सला ठोसे लगावले. टीव्हीवर ते पुन्हापुन्हा दाखवले गेले, लोकांनी चवीने पाहिले. लीगने त्यानंतर ठोसा मारणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवायचा नियम कडक केला आणि पुढच्याच सामन्यात चार जण बाहेर गेले. तेव्हा ‘ओरिजिन संपलं’ अशी बोंब झाली. संपलं काय? ओरिजिन आजही ऑस्ट्रेलियात सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत आहे. लोक ठोशांसाठी टीव्ही लावतात हा समज होता, त्याची परीक्षा झाली आणि तो नापास झाला.

उरला तो अर्धा पटणारा मुद्दा, कळ काढणाऱ्याचा. इथे तक्रार रास्त आहे. ९ जुलै २००६, बर्लिन, विश्वचषकाचा अंतिम सामना, ११० वं मिनिट. मार्को मातेराझी काहीतरी बोलला, झिनेदिन झिदान वळला आणि त्याच्या छातीत डोकं घातलं. झिदान बाहेर, मातेराझी आत, इटली पेनल्टींवर ५-३ ने विजेती. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं त्या रात्री अनेकांना वाटलं असेल. वर हेही कबूल करायला हवं, की लाल कार्ड आहे म्हणूनच समोरच्याला डिवचणं फायद्याचं ठरतं. डिवचणारा त्या कार्डाचीच वाट पाहत असतो.

पण यावर उपाय काय? फिफाने पुढे दोघांनाही शिक्षा केली, झिदानला तीन सामने, मातेराझीला दोन. दिशा तीच बरोबर; माझ्या मते आई-बहिणीवरून बोलणाऱ्याला त्याच सामन्यात बाहेर काढण्याची हिंमत पंचांनी दाखवावी. ठोसा मोकळा सोडला तर डिवचणारा गप्प बसेल, ही भाबडी आशा आहे. मग प्रत्येक संघ डिवचायला असा गडी ठेवील, ज्याच्या पाठीशी दोन पहिलवान उभे आहेत. आइस हॉकीत नेमकं तेच झालं.

शिक्षा कशी असावी यावर मात्र वाद घालायला मी तयार आहे. जर्सी ओढणं, छातीला छाती लावणं, एकमेकांच्या तोंडापुढे बोट नाचवणं यावर सामन्याची बंदी घालणं हास्यास्पद आहे. दोन शब्द सुनावून पुढे जावं. नुसता दंडही निरुपयोगी, कोट्यवधी कमावणाऱ्याच्या खिशाला तो लागत नाही. लागतं ते मोठा सामना हुकणं. गॅफला आठ सामन्यांची बंदी आली. त्याच हंगामात त्याच्या संघाने अंतिम सामना पाच गुणांनी जिंकला, आणि तो बाहेर होता. ऑस्ट्रेलियन रूल्सच्याच २००४ च्या अंतिम सामन्यात ठोसेबाजी करणाऱ्या अ‍ॅलिस्टर लिंचला दहा सामन्यांची बंदी झाली, पण तो त्याचा शेवटचाच सामना होता. त्या बंदीला कागदापलीकडे काही किंमत नव्हती.

आणि काही वेळा शिक्षा कमीच पडते. ११ ऑक्टोबर २०१४, ओल्ड ट्रॅफर्ड, रग्बी लीगमधल्या सुपर लीग स्पर्धेचा अंतिम सामना, दुसरं-तिसरं मिनिट. सेंट हेलेन्सच्या लान्स होहायाने विगनच्या बेन फ्लॉवरला कोपरापासच्या हाताने ढकललं. कळ त्याने काढली, मान्य. फ्लॉवरच्या पहिल्या ठोशातच होहाया पाठीवर पडला, हातपाय सैल. फ्लॉवर खाली वाकला आणि त्या निपचित पडलेल्या माणसाच्या तोंडावर दुसरा ठोसा मारला. पहिला ठोसा रागाचा होता असं फार तर म्हणता येईल. दुसऱ्यासाठी त्याला वाकावं लागलं. विगन तेराऐवजी बाराजणांनिशी खेळून १४-६ ने हरले, फ्लॉवरला सहा महिन्यांची बंदी झाली, ती भोगून तो परत खेळू लागला. होहाया पुढच्याच वर्षी निवृत्त झाला. सहा महिने ज्यांना जास्त वाटतात त्यांनी दुसऱ्या ठोशाचं चित्रीकरण एकदा पाहावं. मला एक अख्खा हंगामही थोडाच वाटला असता.