पोपट म्हणे पाचशे रुपयांत!

‘कुत्र्याला महिन्याला पाच हजार, पोपटाला पाचशे. एक पिंजरा, मूठभर शेंगदाणे, दोन मिरच्या. ना लस, ना फिरवणं, ना डॉक्टर.’ हा मजकूर सध्या आमच्या फोंड्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. शेजारच्या काकूंनी तो मलाही पाठवला, माझ्याकडे सहा वर्षं कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा परदेशी पोपट, आहे हे ठाऊक असून.

आधी मजकुरासोबतचा फोटो बघा. लाल चोचीचा, गळ्यात गुलाबी कंठ असलेला आपला हिरवा पोपट, कोकणीतला कीर. तो पाळताच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. विकणं, घेणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळाच गुन्हा. म्हणजे पाचशेचा हिशेब पहिल्याच ओळीला कोसळला. पाळायचा तर बजरिगार, कॉकटील, लव्हबर्ड असे परदेशी पक्षी. आफ्रिकन ग्रेसारखा मोठा पक्षी घेणार असाल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारी पोर्टलवर नोंदणीही आली.

आता ‘एक पिंजरा’. बाजारात टांगलेला गोल घुमटाचा पिंजरा शोभेचा. पक्ष्याला दोन्ही पंख पसरून फडफडता यायला हवं, म्हणजे आडवा, ऐसपैस पिंजरा हवा. शिवाय आपली हवा! खाऱ्या दमट वाऱ्यात साध्या तारेला दोन पावसाळ्यांत गंज चढतो. जस्ताचा मुलामा असलेली स्वस्त तार घ्यावी तर पक्षी ती चोचीने कुरतडतो आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. मी स्वस्ताचा घेतला, फेकला, मग स्टेनलेस स्टीलचा घेतला; खर्च दुप्पट झाला. खरी बचत दुसरीकडे आहे. बसायला परसातल्या पेरूच्या वेड्यावाकड्या फांद्या दुकानातल्या गुळगुळीत दांड्यापेक्षा पायांना बऱ्या, आणि खेळायला नारळाची करवंटी. दोन्ही फुकट.

शेंगदाण्यांबद्दल तर बोलायलाच हवं. नुसत्या दाण्या-बियांवर ठेवलेल्या पक्ष्याला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं आणि चरबी चढते. जून ते सप्टेंबर इथे डब्यातल्या शेंगदाण्याला बुरशी धरते, तीच पुढे पक्ष्याच्या फुप्फुसात. म्हणून पावसात आठवड्यापुरतंच आणायचं, जोडीला गाजर, शेवग्याचा पाला. मिरचीला माझी हरकत नाही. पक्ष्याला तिचा तिखटपणा जाणवतच नाही. ती खाऊन तो बोलायला लागतो, ही मात्र थाप.

‘डॉक्टर नको’ हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. पोपट आजार लपवतो. पिसं फुगवून तळाशी बसलेला दिसला की बराच उशीर झालेला असतो. माझी कॉकटील एकदा तशी बसली. गावातला डॉक्टर गाई-कुत्र्यांचा. त्याने प्रामाणिकपणे हात वर केले, आणि पक्ष्यांचं कळणाऱ्यासाठी मला पणजी गाठावी लागली. औषधापेक्षा टॅक्सीचं बिल मोठं. तेव्हापासून दर रविवारी तिला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलते. नव्वद ग्रॅमच्या जिवाचे नऊ ग्रॅम घटले तर फोन करायचा. हा काटा माझ्या साऱ्या खरेदीतली सर्वांत शहाणी वस्तू. पण काटा आहे म्हणून पक्ष्याला स्वयंपाकघरात मुक्काम नाही. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत दगावतो, आणि आपल्याकडे तर रोज बांगडे तळायचे!

‘फिरवणं नको’ हे खरं. त्याऐवजी रोज तासभर त्याला घरातच पिंजऱ्याबाहेर सोडून त्याच्याजवळ बसायचं. एकटा पडलेला पक्षी स्वतःचीच पिसं उपटतो.

उरली वर्षं, जी मजकुरात नाहीतच. कॉकटील पंधरा-वीस वर्षं जगते, आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास. पाचशे धरा की पाच हजार, गुणाकार त्या आकड्याशी करायचा.

काकूंना मी एवढंच विचारलं: चवथीला तुम्ही आठ दिवस गावच्या घरी जाता, तेव्हा पाखराचं काय? कोळीण ठेवील म्हणता, तिच्याकडे तीन मांजरं आहेत. काकू जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “मग राहू दे. तुझ्या त्या पिवळ्या डोक्यावालीलाच बघायला येते रविवारी. पेरू आणू?”

“आणा,” म्हटलं, “पण बिया काढून.” काकूंच्या पेरूच्या बियांनी आमचाच दात गेलाय.