बागेतलं ते लोखंड

जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या बागेत जे लोखंडी शिल्प आहे, ते उचलून तिथं 'आय लव्ह सोलापूर'ची अक्षरं बसवावीत म्हणून सह्यांचा कागद फिरतोय. तक्रार एकच: "हे काय आहे तेच कळत नाही."

मी सही करणार नाही.

कळत नाही म्हणणारी हीच मंडळी संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज बघायला सगळ्यांत पुढं. सात उंचच्या उंच काठ्या, कुणालाच नाक-डोळे नाहीत. कुंभारकन्येनं आपल्या ग्रामदैवताशी, सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, ही कथा आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्या लग्नाच्या अक्षता संमती कट्ट्यावर आजही पडतात. नवरदेवाच्या जागी दंड! तिथं कुणी विचारतं का, "हे काय बे?" तिथं श्रद्धा आहे, मान्य. बागेतल्या लोखंडाला कुणी नमस्कार करा म्हणत नाही. पण चेहरा नसलेल्या आकारापुढं आपण इतके गांगरणारे नाही, एवढंच म्हणणं.

चेहरे जिथं हवेत तिथं हवेतच. सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. त्यांचे पुतळे ओळखू यायलाच पाहिजेत.

शिकागोत १९६७ साली पिकासोचं पन्नास फुटी पोलादी शिल्प उभं राहिलं, तेव्हा लोकांनी भरपूर नावं ठेवली. बाई, कुत्रा, माकड, ज्याला जे दिसलं ते. पिकासोनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता पोरं त्याच्या उतारावरून घसरगुंडी खेळतात. उलटंही झालंय. न्यूयॉर्कमध्ये शिल्पकार रिचर्ड सेरानं १९८१ मध्ये चौकात १२० फूट लांब पोलादी भिंत आडवी घातली. तिथं रोज कामाला येणारे वैतागले, आणि १९८९ मध्ये ती काढली. मला तो वैताग पटतो. जाण्यायेण्याची वाट अडवणारी कला रोज कोण सोसणार? आमचं शिल्प मात्र कुणाच्या वाटेत नाही.

जवळ जाऊन बघा एकदा. तीन वाकवलेले पत्रे एकमेकांत अडकलेत. वेल्डिंगचा सांधा एका बाजूला घासून गुळगुळीत केलाय, दुसरीकडं मुद्दाम खडबडीत ठेवलाय. टिचकी मारली तर वरचा पत्रा वेगळा वाजतो, खालचा वेगळा. संध्याकाळी मधल्या फटीतून ऊन येतं तेव्हा सावली बाकड्यापर्यंत लांबते.

पण जवळ जाणार कसं? भोवती जाळी आणि 'हात लावू नये'ची पाटी. खरा राग मला त्याचा आहे. मे महिन्यात पत्रा तापतो, पोरांचे हात भाजतील, हे एकच कारण मला पटतं. त्याला उपाय सोपा: पश्चिमेला दोन कडुलिंब लावा आणि जाळी काढा. अक्षरांपेक्षा खर्चही कमी.

त्या मागणीचा कागद काढणार असाल तर पहिली सही माझी.